एक्केचाळीस ओळी

सांगली महापालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर,
जिथे पंख्याचा वारा फक्त फायलींना लागतो,
मी दोन टेबलं जुळवते.
एकात घरं आहेत नावाची:
मालक, वॉर्ड, घरपट्टी, थकबाकी.
दुसऱ्यात घरं आहेत आकाराची,
ड्रोनने वरून पाहिलेली:
पत्रे, स्लॅब, काळ्या टाक्या,
गच्चीवर कुणाची तरी वाळत घातलेली सतरंजी.
नाव असलेल्याला आकार नाही,
आकार असलेल्याला नाव नाही.
मधे मी, अकरा महिन्यांच्या करारावर.

पहिल्या दिवशी एकही घर जुळलं नाही.
घोळ शून्यांचा होता.
करविभागाने क्रमांक अक्षरांसारखा जपलेला, ००४१७,
नकाशावाल्यांनी तो आकडा म्हणून भरला,
आणि आकड्याच्या आधीची शून्यं
यंत्राने झाडून टाकली.
ती वेचून परत लावण्यात माझे दोन दिवस गेले.

मग एका सकाळी अख्खा खणभाग
कृष्णेच्या पात्रात जाऊन बसला.
प्रोजेक्शन चुकलेलं.
मुजावर वाकून स्क्रीनकडे बघत राहिले,
‘एवढं पाणी तर एकोणीस सालीबी नव्हतं, मॅडम.’

दस्तगीर मुजावर. निवृत्त भूमापक,
मानधनावर परत बोलावलेले,
खिशात अजून पितळी गुण्या.
‘ही प्रायमरी की म्हंजे काय वो?’
किल्ली.
‘मग किल्ली म्हणा की.’

त्या किल्लीने हळूहळू शहर उघडलं.
गावभाग, विश्रामबाग, कुपवाडची शेड,
मिरजेत तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या ओळीतली दुकानं,
ज्यांच्या भिंती इतक्या सामाईक
की ड्रोनला ते एकच लांब घर वाटलं होतं.
शेवटी उरल्या एक्केचाळीस ओळी.
काही दुबार. एक पानटपरी. एक देऊळ, ज्याचा मालक देवच.
आणि ००४१७,
राजमती आवटी, नदीकाठ.
थकबाकी शून्य. दर एप्रिलला, पहिल्या आठवड्यात, रोख.
नकाशात त्या जागी घाणेरीची झुडपं
आणि वरून तिळाएवढी दिसणारी एक म्हैस.

पुण्यातला सर्व्हर आकाराशिवाय ओळ घेत नाही.
‘काढून टाका,’ साहेब म्हणाले, आणि मीटिंगला गेले.

आम्ही दोघं टेप घेऊन गेलो.
राजमतीबाई कुपवाडहून वडापने आल्या,
भाड्याच्या खोलीला कुलूप लावून,
पदरात पावत्यांची प्लॅस्टिकची पिशवी.
घर नाही, तर पट्टी का भरता?
मी विचारलं. विचारायला नको होतं.
‘नंबर चालू ऱ्हावा म्हणून.’
झुडपांत मुजावरांनी काठीने माती उकरली.
जोत्याचे तीन दगड लागले.
चौथा त्या सांगतील तिथे धरला.
अठरा चौरस मीटर भरलं.

रात्री मी चार बिंदू टाकले, रेघा जोडल्या,
‘वापर’च्या यादीत पाहिलं:
निवासी, व्यापारी, मिश्र, मोकळी जागा.
निवासी निवडलं.
एक्केचाळीस वजा एक.

जूनमध्ये बिलं छापून आली, आता प्रत्येकावर
मालमत्तेचा इवलासा नकाशा.
राजमतीबाई खिडकीशी उभ्या.
मलनिस्सारण करही लागला होता त्यांना, माझ्यामुळे.
त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.
कागद आडवा केला, उभा केला,
मग बोट ठेवलं पश्चिमेच्या रेघेवर.
‘दार हितं होतं. नदीकडं.’

सर्व्हरवर आकृती बंद लागते.
शेवटचा बिंदू पहिल्याला चिकटला नाही
तर लाल अक्षरं येतात, ओळ परत येते.
मी त्यांच्या हातातलं बिल घेतलं
आणि पांढऱ्या शाईने
त्या रेघेत नखाएवढी जागा सोडली.
‘वाळू द्या,’ मी म्हणाले.
त्यांनी फुंकर घातली.